संपादन, नम्रता आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक विचारसूत्र

१

बेंगळूरू शहराच्या पूर्वेस वसलेले व्हाइटफील्ड आज माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांमुळे ओळखले जाते. या वसाहतीचा आरंभ मात्र वेगळा आहे. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन व युरेशियन कुटुंबांसाठी ती उभी राहिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. पुढे १९६३ साली निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना एकत्र विचारविनिमय करता यावा या हेतूने येथेच एक्युमेनिकल ख्रिश्चन सेंटर स्थापन झाले. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या परिसरात मुक्काम असताना प्रस्तुत लेखकाला आलेला एक लहानसा अनुभव या निबंधाचे निमित्त ठरला.

लक्ष्मीबाई टिळकांवरील एक निबंध संपादकाकडून परत आला होता. पहिली सात पाने लाल शाईने भरली होती आणि एका परिच्छेदाच्या कडेला एवढेच लिहिले होते : ‘परिच्छेद चांगला आहे; पण यात लक्ष्मीबाई कोठे दिसतात? आपणच दिसता.’ प्रथम राग आला. संपादक वयाने लहान, त्याचा या विषयातील अधिकार तो काय, असेही मनात येऊन गेले. ते पाकीट तीन आठवडे टेबलावर तसेच पडून होते. शेवटी तो परिच्छेद पुन्हा वाचला तेव्हा आक्षेप खरा असल्याचे मान्य करावे लागले. परिच्छेद गाळला आणि निबंध सुधारला. येथवर हा अनुभव कोणाही लेखकाचा आहे. परंतु एका ख्रिस्ती सहकाऱ्याला ही हकीकत सांगितली असता, ‘आमच्याकडे याला साधना म्हणतात’, असे ते सहज बोलून गेले. हे विधान वाङ्मयीन दृष्टीने कितपत टिकते? आपले लेखन दुसऱ्याकडून तपासून, कापून, बदलून घेणे ही ख्रिस्ती अर्थाने आध्यात्मिक वाढीची वाट होऊ शकते काय? होऊ शकत असेल तर कोणत्या अटींवर? या प्रश्नांचा विचार मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीत संपादनाशी निगडित असलेले शब्द केवळ तांत्रिक नाहीत. ‘संस्करण’ आणि ‘संस्कार’ हे एकाच धातूपासून आलेले आहेत. ‘शोधन’ या शब्दात शोधणे आणि शुद्ध करणे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. छापखान्यातील ‘मुद्रितशोधन’ हा त्याचाच रोजच्या व्यवहारातील वापर होय. म्हणजे ग्रंथ नीट करणे आणि माणूस नीट होणे या दोन क्रियांमधील नाते भाषेने आधीच गृहीत धरलेले दिसते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि या पाठात कोणी आपली ओवी मिसळू नये असा इशाराही देऊन ठेवला. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. ओव्या रचणे त्यांना अवघड नव्हते. दुसऱ्याच्या शब्दासाठी स्वतःच्या प्रतिभेला आवर घालणे ही त्यांनी सेवा मानली. वारकरी परंपरेत या संशोधनाकडे पांडित्याचे काम म्हणून नव्हे, तर भक्तीचे काम म्हणून पाहिले जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेव्हा संपादनाला आध्यात्मिक अर्थ असू शकतो, ही कल्पना मराठी मनाला बाहेरून आलेली वाटण्याचे कारण नाही. ख्रिस्ती विचारात तिला कोणते वेगळे वळण मिळते, एवढाच प्रश्न उरतो.

३

ख्रिस्ती परंपरेत या विचाराला निदान चार आधार सापडतात.

पहिला आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलीच्या रूपकाचा. फळ देणाऱ्या फांदीला अधिक फळ यावे म्हणून माळी तिची छाटणी करतो, असा त्याचा आशय आहे. मूळ ग्रीक पाठात छाटण्यासाठी आलेले क्रियापद आणि लगेच पुढच्या वचनात शिष्यांना उद्देशून आलेले ‘शुद्ध’ हे विशेषण एकाच मुळाचे आहेत. मराठीत ‘छाटणी’ आणि ‘शुद्धी’ असे दोन निराळे शब्द योजावे लागत असल्याने हा श्लेष अनुवादात हरवतो; ‘शोधन’ हा आपला शब्द त्याच्या काहीसा जवळ जातो. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. छाटणी होते ती फळ देणाऱ्या फांदीची. वाळलेल्या फांदीची गती निराळी आहे. छाटणी ही शिक्षा नसून फांदी जिवंत असल्याची खूण आहे, असा याचा अर्थ होतो.

दुसरा आधार सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांतील सत्तावन्नाव्या प्रकरणाचा. मठातील कारागिरांनी आपली कला नम्रतेने चालवावी आणि एखाद्याला आपल्या कौशल्याचा गर्व झाला तर त्याला त्या कामावरून दूर करावे, असे तेथे सांगितले आहे. कौशल्य निंद्य नाही; त्यावरील मालकीची भावना निंद्य आहे. लेखन हीही एक कारागिरीच असल्याने हा नियम लेखकालाही लागू पडतो.

तिसरा आधार संत ऑगस्टीनचा. आयुष्याच्या अखेरीस, इ. स. ४२६-४२७ च्या सुमारास, त्याने आपले जवळजवळ सर्व ग्रंथ पुन्हा वाचून त्यांतील चुका व अतिशयोक्ती यांची नोंद करणारा ‘रेट्राक्टाशिओनेस’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘कन्फेशन्स’मध्ये त्याने आपल्या जीवनाची कबुली दिली होती, या ग्रंथात त्याने आपल्या लेखनाची कबुली दिली, असे म्हणता येईल. विख्यात धर्माचार्याने आपले छापले नव्हे तरी सर्वत्र पसरलेले शब्द जाहीरपणे दुरुस्त करावेत, ही घटना लेखनाच्या इतिहासात विरळा आहे.

चौथा आधार इशारा देणारा आहे. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात यहोयाकीम राजाची कथा येते. यिर्मयाने सांगितलेला आणि बारूखाने लिहून घेतलेला ग्रंथपट राजासमोर वाचला जात असता तो लेखकाच्या चाकूने कापून शेगडीत टाकण्यात येतो. चाकू लेखनिकाचाच आहे. ज्याने लेखणी तासावयाची आणि पट नीट कापावयाचा, त्याच हत्याराने ग्रंथ नष्ट केला जातो. पुढे बारूख तो मजकूर पुन्हा लिहितो आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. बायबलमध्ये कापण्याच्या दोन्ही रीती अशा शेजारीशेजारी उभ्या आहेत. माळ्याचा चाकू आणि राजाचा चाकू यांतील फरक ओळखणे हाच या निबंधाचा गाभा आहे.

४

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८-१९३६) उदाहरण विशेष बोलके आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास त्यांना पाच वर्षे लागली. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आज्ञेने नव्हे, तर जातिभेदाविषयीचे आपले मन पुरते बदलल्यानंतर. कोणाच्या तरी आग्रहाने आलेला बदल आणि आतून पटून आलेला बदल यांतील अंतर त्यांच्या आयुष्यात असे प्रत्यक्ष दिसते. संपादनाच्या प्रश्नातही हेच अंतर निर्णायक ठरते, म्हणून या तपशिलाचा येथे उल्लेख केला.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण म्हणजे टिळकांनी घरी शिकविलेले लिहिणे-वाचणे. टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेल्या या नियतकालिकाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला. म्हणजे लक्ष्मीबाईंचा संसारच एका संपादकाच्या घरात झाला. टिळकांच्या मृत्यूनंतर नाते उलट झाले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, पण त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच पुरे झाले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि समारोप मुलगा देवदत्त याने केला. गुरूचे अपुरे काम शिष्येने पूर्ण करणे हेही संपादनच आहे. दुसऱ्याने घालून दिलेल्या चौकटीत, त्याच्या वृत्तात आणि त्याच्या हेतूशी एकनिष्ठ राहून आपला शब्द बसविणे, आणि तरीही तो शब्द आपला राहू देणे, अशी ती दुहेरी कसोटी होती.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यामागे देवदत्त टिळकांचा आग्रह होता आणि ग्रंथाच्या सिद्धतेत त्यांचा हात होता; पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी तिची साक्षेपी आवृत्ती तयार केली. येथे संपादकासमोर एक मोह उभा होता. टिळक हे महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचे पूज्य कवी होते. त्यांच्या पत्नीच्या आठवणींतून संतचरित्र सिद्ध करणे सहज शक्य होते. त्यासाठी टिळकांचा तापट स्वभाव, पैशाच्या बाबतीतील त्यांचा बेफिकीरपणा, घरातून न सांगता निघून जाणे, लक्ष्मीबाईंची स्वतःची फजिती आणि सोवळ्याओवळ्याचे वेड असे सारे गाळावे लागले असते. भाषेतील बोलीचा बाजही ‘शुद्ध’ करता आला असता. छापील पाठात यांतील काहीही गाळलेले दिसत नाही. परिणामी ख्रिस्ती धर्मांतराची साक्ष देणारा हा ग्रंथ धर्मांतराला विरोध असणाऱ्या वाचकालाही आपला वाटला.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. संपादकाची नम्रता अनेकदा न केलेल्या दुरुस्तीत दिसते. आणि ज्या लेखकाचा शब्द असा राखला जातो, त्याला आपल्या आयुष्यातील लाजिरवाण्या प्रसंगांची कबुली देण्याचे बळ येते. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला पश्चात्ताप म्हणतात, म्हणजे ग्रीक ‘मेटानोइया’, मनाचे पालटणे, त्याला अशा सुरक्षित वाचकाची गरज असते. पहिला वाचक म्हणून संपादक ते स्थान घेतो.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० साली प्रसिद्ध झाला. तो संक्षिप्त होता आणि त्याचे शीर्षक ‘आय फॉलो आफ्टर’ असे होते. हे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी अनुवादाची आठवण करून देतात. परंतु मुखपृष्ठावर वाचकाला पतीच्या मागोमाग जाणारी पत्नीही दिसते. स्वतःचा निर्णय पाच वर्षे रोखून धरणाऱ्या स्त्रीला हे शीर्षक कितपत न्याय देते, हा प्रश्न उरतोच. शांता गोखले यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला, तेव्हा मूळ नाव पुन्हा पुढे आले. संक्षेप करणारा हात सद्भावनेचा असला, तरी त्याने साक्षीदाराची जागा थोडी हलविली जाऊ शकते.

५

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) उदाहरणात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळातील सिस्टर जेराल्डीन, डोरोथिया बील आदींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्या पत्रांत रमाबाईंच्या श्रद्धाविषयक विधानांची वारंवार तपासणी होताना दिसते. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, शास्त्र स्वतः वाचून अर्थ लावण्याचा हक्क अशा मुद्द्यांवर त्यांचे शब्द दुरुस्त करण्याचा प्रयत्न होतो आणि रमाबाई सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे त्या दुरुस्तीस नकार देतात. नम्रता या सद्गुणाचा उपदेशही त्यांना या पत्रांतून ऐकावा लागतो. वसाहतीतून आलेल्या, नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या, परावलंबी स्त्रीला नम्रतेचा उपदेश करणे किती सोपे असते, हे ती पत्रे वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

रमाबाईंनी दुरुस्ती नाकारली, म्हणून त्यांना संपादनाचे वावडे होते असे मानणे मात्र चूक ठरेल. त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, शिवाय अनेक संस्कृत शब्द आपल्याबरोबर वेगळ्याच तत्त्वज्ञानाचे ओझे घेऊन येतात, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे शिकून घेतली. नवा करार १९१३ साली छापून झाला. १९२१ साली त्यांची कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांची प्रार्थना होती, असे मुक्तिसदनाच्या परंपरेत सांगितले जाते.

येथे जी विसंगती भासते, ती या निबंधाच्या दृष्टीने मोलाची आहे. संस्कृत पंडिता म्हणून कीर्ती मिळालेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली ही स्त्री, आपल्याला सर्वांत प्रिय असलेली शब्दकळा स्वतःच्या हाताने छाटून टाकते. हे करण्यास तिला कोणी भाग पाडत नाही. तिच्यासमोर दोनच संपादक आहेत : एका बाजूस मूळ पाठ आणि दुसऱ्या बाजूस ज्यांना तो वाचावयाचा आहे त्या केडगावच्या निराधार स्त्रिया. वॉन्टेजच्या अधिकाऱ्यांपुढे न वाकलेली मान येथे वर्षानुवर्षे मुद्रितांवर वाकलेली राहते. नम्रता म्हणजे अधिक सामर्थ्यवानापुढे गप्प बसणे नव्हे. आपल्यापेक्षा दुबळ्या वाचकासाठी आपले वैभव सोडणे होय. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचा जो विचार आला आहे, त्याचे शैलीच्या पातळीवरील रूप म्हणून रमाबाईंच्या साध्या मराठीकडे पाहता येते. ही भाषा वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र यशस्वी झाली आहे असे म्हणता येणार नाही. पण तिच्यामागील त्याग शैलीचा होता, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

६

वरील दोन्ही उदाहरणांत लेखक हयात होता आणि होकार वा नकार देऊ शकत होता. लेखक काळाच्या पडद्याआड गेल्यानंतर काय होते, हे फादर थॉमस स्टीफन्सच्या (१५४९-१६१९) ‘ख्रिस्तपुराणा’च्या इतिहासात पाहावयास मिळते. स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला. म्हणजे एकनाथ ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करीत होते, तेव्हा हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात मराठीचे पाठ गिरवीत होता. ओवीछंदातील, सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, ते इन्क्विझिशन आणि धर्माधिकारी यांच्या परवान्यानिशी. ही तपासणी शैलीसाठी नव्हती. सिद्धान्तात ढळ पडू नये यासाठी होती. या तपासणीला आजच्या अर्थाने संपादन म्हणता येणार नाही. तरी त्या चौकटीतही स्टीफन्सने पुराणाचा घाट, गुरू-शिष्यांचे प्रश्नोत्तर आणि मराठी भाषेवरील आपले प्रेम सांभाळले.

सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो श्रद्धावंतांनी केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे. त्यांच्या आधारे जोसेफ सल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली; शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती सिद्ध केली; कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ साली आली. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी संस्कृत वळणाच्या संज्ञा मोठ्या प्रमाणावर आढळतात. कोणता शब्द स्टीफन्सचा आणि कोणता नकलकाराचा, हा प्रश्न प्रत्येक संपादकाला सोडवावा लागतो. येथे बेंगळूरूचा संबंध येतो. फादर नेल्सन फाल्काव यांनी सिद्ध केलेली, मराठी गद्य अनुवादासह असलेली देवनागरी आवृत्ती २००९ साली येथील ख्रिस्तु ज्योती प्रकाशनाने प्रसिद्ध केली. महाराष्ट्राबाहेर, कन्नड मुलखात, चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी काव्याची सेवा व्हावी, ही घटना मराठी अभ्यासकांनी कृतज्ञतेने नोंदवावी अशी आहे.

अशा कामात आध्यात्मिक वाढ घडत असेल तर ती संपादकाची. मूळ लेखक उत्तर देऊ शकत नसल्याने त्याच्या वतीने स्वतःवर अंकुश ठेवण्याची जबाबदारी संपादकावर येते. पाठभेद लपवावयाचा नाही, आपल्याला रुचणारा सिद्धान्त मूळ लेखकाच्या तोंडी घालावयाचा नाही, अनुवादात जेथे तर्क केला आहे तेथे तसे सांगावयाचे, असे हे व्रत आहे. एकनाथांचा इशारा आणि आधुनिक पाठचिकित्सेचा नियम येथे एकमेकांस भेटतात.

बायबल भाषांतराच्या आजच्या पद्धतीत हाच विचार संस्थारूपाने आला आहे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मध्यवर्ती कार्यालय बेंगळूरूतच आहे. भाषांतरकाराने केलेला कच्चा खर्डा परीक्षकांकडे जातो, भाषांतर-सल्लागार तो मूळ पाठाशी ताडून पाहतो, आणि सामान्य वाचकांना तो वाचून दाखवून त्यांना काय समजले हे विचारले जाते. एखादे वाक्य भाषांतरकाराला कितीही प्रिय असले तरी शेतावर काम करणाऱ्या श्रोत्याला ते समजले नाही, तर ते बदलते. पूर्ण झालेल्या ग्रंथावर बहुधा कोणाचेच नाव नसते. नाव पुसले जाण्याची तयारी हा या कामाचा अलिखित नियमच म्हणावा लागेल.

७

वरील विवेचनावरून माळ्याचा चाकू आणि राजाचा चाकू यांत फरक करणारे तीन निकष मांडता येतील.

पहिला निकष साक्षीचा. ख्रिस्ती लेखनात ‘साक्ष’ या संज्ञेला विशेष वजन आहे. साक्षीदार जे पाहिले-अनुभवले तेच सांगतो. संपादक साक्षीची भाषा, क्रम, लांबी बदलू शकतो, साक्ष बदलू शकत नाही. दुरुस्तीनंतरचा मजकूर वाचून लेखकाला ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे वाटले, तर छाटणी योग्य झाली. ‘हे चांगले आहे, पण हे माझ्या बाबतीत घडलेले नाही’ असे वाटले, तर ते संपादन नव्हे.

दुसरा निकष अधिकाराचा. संपादक स्वतः कशाला बांधलेला आहे? मूळ पाठ, सत्य, वाचकाची गरज यांना तो स्वतः बांधलेला असेल, तर लेखकाने त्याचे ऐकणे ही दोघांची मिळून साधना होते. तो केवळ आपल्या पदाला किंवा संस्थेच्या प्रतिष्ठेला बांधलेला असेल, तर त्याच्यासमोर नम्र होणे म्हणजे केवळ दबणे होय. रमाबाईंच्या नकाराचे मोल येथे आहे. योग्य दुरुस्ती स्वीकारण्याइतकेच अयोग्य दुरुस्ती नाकारणे हेही आध्यात्मिक प्रौढतेचे लक्षण आहे. स्त्रिया, दलित ख्रिस्ती आणि नवसाक्षर यांच्या लेखनाच्या बाबतीत हा निकष अधिकच काटेकोरपणे लावावा लागेल. कारण त्यांच्या भाषेला ‘अशुद्ध’ ठरविण्याची सवय आपल्या विद्वत्तेला फार जुनी आहे.

तिसरा निकष फळाचा. छाटणीनंतर फांदी जिवंत राहिली का? संपादनाने लेखक पुन्हा लिहू लागला, अधिक खरे लिहू लागला, इतरांचे लेखन अधिक आस्थेने वाचू लागला, तर वाढ झाली म्हणावयाचे. तो कायमचा गप्प झाला, तर त्या शुद्ध मजकुराची किंमत फार मोठी पडली.

हे तीन निकष मान्य केले की एक आक्षेप आपोआप दूर होतो. संपादन ही एरवी व्यावसायिक गोष्ट आहे. तिला अध्यात्माचा रंग कशाला द्यावा, असे विचारले जाईल. उत्तर असे की, प्रत्येक दुरुस्तीत अध्यात्म आहे असा येथे दावा नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याने कोणी संत होत नाही. परंतु ज्या क्षणी दुरुस्ती लेखकाच्या अहंतेला स्पर्श करते, त्या क्षणी त्याच्यापुढे निवड उभी राहते : शब्द वाचवावा की सत्य वाचवावे. ही निवड नैतिक आहे, आणि श्रद्धावंत लेखकासाठी ती प्रार्थनेचाही विषय होऊ शकते.

८

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने धर्मांतर, देशीकरण आणि समाजसुधारणा या अंगांनी झाला आहे. संपादनाच्या अंगाने तो झाल्यास काही नवी दालने उघडतील असे वाटते. बाबा पदमनजींसारखा लेखक आयुष्यभर नियतकालिके आणि धर्मपुस्तिका यांच्या संपादनात गुंतलेला होता. त्या कामाचा त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राच्या घडणीशी कोणता संबंध आहे, हे तपासण्याजोगे आहे. टिळकांच्या संपादकीय कारकिर्दीचा आणि त्यांच्या भक्तिकवितेचा एकत्र विचार व्हावयास हवा. संतवाङ्मयातील पाठशुद्धीची परंपरा आणि ख्रिस्ती लेखनातील साक्षीची परंपरा यांची तुलनाही फलदायी ठरेल.

प्रस्तुत निबंधाच्या आरंभी उल्लेखिलेला लक्ष्मीबाईंवरील निबंध पुढे प्रसिद्ध झाला. गाळलेला परिच्छेद लेखकाजवळ अजून आहे. अधूनमधून तो वाचून पाहिला तर आजही चांगला वाटतो. मात्र त्यात लक्ष्मीबाई नाहीत, हेही आता पहिल्याच वाचनात दिसते. त्या संपादकाला आभाराचे पत्र पाठविण्यास तीन आठवड्यांऐवजी तीन वर्षे लागली, एवढे येथे कबूल करणे योग्य होईल.